मोटार पुसण्याचें फडकें

मोटार पुसण्याचें फडकें हा इतिहासाचा विषय होऊं शकतो काय, अशी शंका पुष्कळांच्या मनांत येईल. लढाया व तहनामे सांगणारा इतिहास अशा क्षुद्र वस्तूंची दखल घेत नाहीं, हें खरें. परंतु गाडीवरचा रंग जसजसा बदलत गेला, तसतसें तो पुसणारें वस्त्रहि बदलत गेलें, आणि प्रत्येक वेळीं तें धुण्याची व वाळविण्याची रीत नव्यानें शिकावी लागली. ती न शिकल्यानें झालेलें नुकसान रस्त्यांत उभ्या असलेल्या मोटारींच्या अंगावर आजहि उन्हांत वाचतां येतें.

मोटारीपूर्वीं बग्गी होती. युरोपांतील चांगल्या बग्गीवर तेलांत शिजविलेल्या व्हार्निशाचे अनेक हात चढवीत, व ते वाळण्यास आठवडेच्या आठवडे लागत. हा लेप धुतल्यावर कोरडा करण्यासाठीं गाडीवानांनीं निवडलें तें कापड नव्हे, कातडें. शॅमॉय हा आल्प्स पर्वतांतील बकऱ्यासारखा एक प्राणी. त्याच्या नांवानें ओळखलें जाणारें मऊ कातडें पुढें बहुधा मेंढीच्या कातड्याच्या आंतील थरापासूनच, माशाच्या तेलांत मुरवून करूं लागले. तें पाणी शोषतें, पिळलें कीं सोडतें, आणि पुन्हां शोषतें. पण त्याचा मऊपणा सर्वस्वीं त्या तेलावर अवलंबून. कढत पाण्यांत घातलें किंवा चुलीजवळ वाळविलें कीं तें पापडासारखें कडक होतें. म्हणून कोमट पाणी, सौम्य साबण व सावलींतला वारा हा त्याचा नियम. शेवटच्या पाण्यांत साबणाचा किंचित् अंश मुद्दाम राहूं देत, म्हणजे वाळल्यावरहि कातडें लवचीक राही.

त्या व्हार्निशाबरोबर एक धोकाहि गाडीखान्यांत आला. जवसाच्या तेलानें भिजलेल्या चिंध्या कोपऱ्यांत ढीग करून टाकल्या, तर तेल हवेंतील प्राणवायु शोषून वाळतांना तापतें. ढिगांतून ती उष्णता बाहेर पडत नाहीं, आणि कोणी काडी न लावतांहि ढीग पेट घेतो. चिंध्या सुट्या पसरून वाळवाव्या, अथवा पाणी घातलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत टाकाव्या, हा नियम लांकडाला जवसाचें तेल चोळणाऱ्यांना आजहि पाळावा लागतो.

कापडाची पाळी आली ती तुर्कस्तानामुळें. हेन्री ख्रिस्टी या इंग्रज गृहस्थानें तिकडील प्रवासांत सुताचे फांसे उभे असलेले, हातमागावर विणलेले पंचे पाहिले. त्याच्या घराण्याच्या मँचेस्टरजवळील गिरणींत सॅम्युअल होल्ट यानें तसें कापड विणण्याचें यंत्र तयार केलें, आणि 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत तो माल मांडला गेला. आपण टर्किश टॉवेल म्हणतों, त्या नांवांतच ही हकीकत शिल्लक आहे. आमच्या सोलापूरनें हीच वीण आपलीशी केली. सपाट कापड धुळीचा कण रंगावरून फरफटत नेतें. फांशांच्या कापडांत तोच कण आंत शिरतो व रंगापासून दूर राहतो. टॉवेलाचें श्रेष्ठत्व तें एवढेंच. पण हाच गुण उलटतोहि. आंत शिरलेला कण धुवून काढला नाहीं, तर पुढच्या खेपेस तो कानशीचें काम करतो.

मोटारीच्या रंगांत क्रांति झाली 1924 च्या सुमारास. ड्यूपॉन्ट कंपनीचें ड्युको हें लॅकर अमेरिकेंत ओकलंड गाड्यांवर लागलें, आणि आठवड्यांचें वाळणें तासांवर आलें. मात्र त्याची चकाकी घोटून आणावी लागे. त्या कामीं ब्राझीलमधील कार्नौबा ताडाच्या पानांवरचें मेण आलें. पुढें तें लावण्यास स्पंजाची लहान गादीहि आली. या गादीचें पॉलियुरेथेन हें 1937 सालीं जर्मनींत ओटो बायर यांनीं शोधलें. गादी पिळूं नये, कोमट पाण्यांत दाबून धुवावी. आंतलें मेण घट्ट झालें किंवा कडा झडूं लागल्या कीं ती सरळ टाकून द्यावी. 1980 नंतर रंगावर पारदर्शक लेप देण्याची चाल रूढ झाली, आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे पूर्वींपेक्षां अधिकच डोळ्यांत भरूं लागले.

हल्लींचें मायक्रोफायबर हें जपानचें देणें. 1970 सालीं टोरे कंपनींतील मियोशी ओकामोतो यांनीं अतिसूक्ष्म तंतूंचें कृत्रिम मऊ कातडें सिद्ध केलें. पुसण्याच्या फडक्यांत पुढें पॉलिएस्टर व नायलॉन यांचे एकत्र काढलेले तंतु फोडून धारदार कडांचे बारीक धागे करूं लागले. असा 9000 मीटर धागा एक ग्रामहि भरत नाहीं. त्या कडा धूळ उचलतात. म्हणूनच कपडे मऊ करणारें औषध येथें वर्ज्य, कारण तें कडांवर लेप चढवितें. कढत पाणी व इस्त्री वर्ज्य, कारण हे तंतु उष्णतेनें विरघळणाऱ्या जातीचे. सुती कपड्यांबरोबर धुणें वर्ज्य, कारण सुताची लव त्यांत अडकते. रस्त्याकडेच्या गच्चींत दोरीवर वाळविणें तर आपल्याकडच्या उन्हाळ्यांत धूळ विकत घेण्यासारखें. जमिनीवर पडलेलें फडकें रंगाला पुन्हां लावूं नये. त्याला वरच्या वर्गांतून काढून चाकांच्या वर्गांत बसवावें. शाळामास्तरांना ही शिक्षा चांगली समजते!

एक गोष्ट मात्र मला अस्वस्थ करते. मार्क ब्राउन व त्यांचे सहकारी यांनीं 2011 सालीं दाखविलें कीं, कृत्रिम धाग्याचा एकच कपडा एका धुण्यांत 1900 हून अधिक तंतु सोडूं शकतो, आणि तसेच तंतु जगभरच्या समुद्रकिनाऱ्यांच्या वाळूंत सांपडतात. कातडें व सूत कुजून मातींत मिळत. हें मिळत नाहीं. तेव्हां मायक्रोफायबर केवळ रंगापुरतें ठेवावें, असें माझें मत आहे. चाकांना व चिखलाच्या पंख्यांना घरांतला विटलेला सोलापुरी टॉवेल पुरतो, आणि तो कोणत्याहि पाण्यांत, कोणत्याहि उन्हांत निर्धास्त धुतां-वाळवितां येतो.