दातांवरून कुळाचा शोध

हाडांची माती होते, पण दातांवरचे कठीण कवच टिकते. हैदराबादच्या पश्चिमेला नसकल येथे, दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे चिमुकले सुटे दात मिळाले. जी. व्ही. आर. प्रसाद व अशोक साहनी यांनी १९८८ साली त्या प्राण्याला ‘डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी’ हे नाव दिले. नागपूर परिसरात अशाच थरांतले जीवाश्म गोळा करणाऱ्या स्टीफन हिस्लॉप यांची ही आठवण.

हा प्राणी सस्तन कशावरून? घरचा खलबत्ता आठवा. वरच्या दाढेचा उंचवटा खालच्या दाढेच्या खळग्यात बत्त्यासारखा बसतो. सरपटणाऱ्या प्राण्यांत अशी दाढ नसते.

कुळ ठरवणे मात्र अवघड. आधी त्याला पॅलिओरिक्टिड म्हटले. पुढे आणखी दातांचा अभ्यास झाल्यावर अनेकांनी अ‍ॅडापिसोरिक्युलिड मानले. घोट्याची हाडे मिळाली तेव्हा तो झाडावर चढणारा असावा, हेही दिसले.

रोग्यांची टिपणे लिहिता लिहिता मी हेच शिकलो. निदान पेन्सिलीने लिहावे, आणि नवे लक्षण दिसले की निःसंकोच खोडावे. इतिहासालाही तोच नियम लावून पाहा. खोडण्यात कमीपणा नाही. न खोडण्यात आहे.