10 एप्रिल 1563 : गोव्यात छापला औषधींचा ग्रंथ

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ या दिवशी गोव्यात छापून झाला. तेव्हा युरोपातले वैद्य मध्ययुगीन वैद्य इब्न सिनाचा अरबी ग्रंथ लॅटिन भाषांतरातून घोकत. त्यातल्या चुका ओर्ताने इथल्या बाजारातला माल हाताळून दाखवल्या. अहमदनगरच्या बुरहाण निजामशाहावर तो उपचार करी. रोगांची, औषधांची अरबी नावे शाहाने त्याला शिकवली, त्याने शाहाला लॅटिन! येरमाळ्याच्या वाचकाला हा दरबार परका नाही. आपला परांड्याचा किल्ला निजामशाहीतलाच. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लूसियसने 1567 मध्ये अँटवर्पला ग्रंथाचा लॅटिन संक्षेप काढला. युरोपने वाचला तो मुख्यतः हाच. ओर्ता 1568 मध्ये वारला. छुपा ज्यू ठरवून 1580 मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडे उकरून जाळली.