स्ट्रेप्टोमायसिन, पिंपरी आणि केशनळीचं दुसरं टोक

पिंपरीतली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी तुम्हाला नावानं तरी माहीत असेल. १९५४ मध्ये ती स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं. १९५५ पासून पेनिसिलिन, पुढे साठच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन. त्या काळी अशा औषधाची ताकद मोजायची ती जिवाणूंवरच. अगारच्या थाळीत जिवाणू वाढवायचे, औषध घालायचं आणि भोवती किती रुंद मोकळं वर्तुळ पडतं ते मोजायचं. पद्धत जुनी म्हणून हसू नका; औषध काम करतं का, याचं थेट उत्तर तीच देते.

पण थाळी फक्त एकूण ताकद सांगते. किण्वनात स्ट्रेप्टोमायसिनबरोबर त्याचा एक भाऊबंदही तयार होतो, स्ट्रेप्टोमायसिन बी: एक मॅनोज साखर जास्त, परिणाम कमी. मग वर्तुळ लहान आलं तर औषध कमी पडलं, की बी जास्त झालं?

इथे यूव्ही डिटेक्टर फारसा कामाचा नाही, कारण या रेणूत यूव्ही नीट शोषणारा भागच नाही. धनप्रभार मात्र भरपूर! म्हणजे कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिससाठी अगदी योग्य गिऱ्हाईक. १९८१ मध्ये जॉर्गेन्सन आणि लुकाक्स यांनी ७५ मायक्रोमीटरच्या काचनळीत ३० किलोव्होल्टपर्यंत विद्युतदाब देऊन ही पद्धत रुळावर आणली. ओळख पटवायला मास स्पेक्ट्रोमीटर: एकाचं वस्तुमान ५८१, दुसऱ्याचं ७४३.

मग दोन्ही जोडायला अडचण कसली? सर्किटची. नेहमी नळीची दोन्ही टोकं बफरच्या कुप्यांत असतात आणि प्रत्येक कुपीत इलेक्ट्रोड. मास स्पेक्ट्रोमीटरसमोर मात्र दुसरं टोक हवेत उघडं. प्रवाह पूर्ण होणार कुठून? १९८७ मध्ये रिचर्ड स्मिथ यांच्या अमेरिकेतल्या गटानं त्या टोकाभोवती स्टीलची नळी बसवली, तिथेच विद्युतसंपर्क साधला आणि तिथूनच इलेक्ट्रोस्प्रे केला. पुढच्याच वर्षी त्यांनी टोकाभोवती वाहणारा द्रव वापरला. संपर्क भरवशाचा झाला, पण किंमत मोजावी लागली. नळीतून मिनिटाला नॅनोलीटर येणार आणि बाहेरून मायक्रोलीटर मिसळणार, म्हणजे नमुना पातळ. माझ्या मते या क्षेत्रातलं पुढचं बरंचसं काम याच एका तडजोडीशी भांडण आहे.

प्रयोग आखताना आणखी दोन गोष्टी बघा. फॉस्फेट बफर उडून जात नाही, स्प्रेच्या तोंडाशी मीठ साचतं. त्याऐवजी फॉर्मिक किंवा ॲसिटिक आम्ल घ्या. आणि स्ट्रेप्टोमायसिनसारखा धनप्रभारित रेणू सिलिकाच्या ऋणप्रभारित भिंतीला चिकटतो, त्यामुळे आतून लेप दिलेली नळी लागू शकते.