रसायनशास्त्र : पाठांतरापलीकडची वाट

दहावीचा निकाल लागला की विज्ञान शाखेकडे जाणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांसमोर अभियांत्रिकी आणि वैद्यकीय असे दोनच मार्ग ठेवले जातात. या दोन्ही प्रवेशपरीक्षांत रसायनशास्त्र असते. पण ते केवळ गुण मिळवून देणारा विषय म्हणून. समीकरणे पाठ करायची, संज्ञा घोकायच्या आणि परीक्षा संपताच विसरून जायच्या, हा अनेकांचा अनुभव. परिणामी ज्यांच्यात या विषयाची खरी जाण असते, त्यांनाही त्यातील पुढच्या संधींची माहिती होत नाही.

घरातील प्रयोगशाळा

या विषयाची ओळख स्वयंपाकघरातच होऊ शकते. कपड्यावर पडलेला हळदीचा पिवळा डाग साबण लावताच लालसर होतो. हळदीतील कुरकुमीन हे द्रव्य आम्लारीच्या सान्निध्यात रंग बदलते आणि लिंबाचा रस पडला की पुन्हा पिवळे होते. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणधर्मावर आधारलेली आहे. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्कही असाच दर्शक म्हणून वापरता येतो. काळवंडलेले तांब्याचे भांडे चिंचेने उजळते, कारण चिंचेतील आम्ल तांब्याच्या ऑक्साइडचा थर विरघळवते. भिंतीला दिलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कॅल्शियम कार्बोनेट बनतो आणि टणक होतो. ‘असे का होते?’ हा प्रश्न मुलांनी विचारला आणि शिक्षकांनी तो टाळला नाही, की सूत्रांना अर्थ येतो.

मात्र कुतूहलाला शिस्तीची जोड हवी. ब्लीचिंग पावडर आणि शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल एकत्र झाल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. त्यामुळे अनोळखी रसायने एकमेकांत मिसळणे कटाक्षाने टाळावे आणि प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावेत.

शालेय स्तरावरील स्पर्धा

बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळातर्फे सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेतली जाते. तिच्यात लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक आणि प्रकल्प यांनाही स्थान आहे. रसायनशास्त्र ऑलिंपियाडचे राष्ट्रीय केंद्र म्हणजे मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. भारत 1999पासून आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाडमध्ये भाग घेत असून 2001 साली ही स्पर्धा मुंबईतच भरली होती. प्राथमिक परीक्षेतून पुढे गेलेल्यांची राष्ट्रीय परीक्षा होते आणि निवडक विद्यार्थ्यांना शिबिरात प्रयोगांचे प्रशिक्षण मिळते. येथे पाठांतराचा फारसा उपयोग होत नाही; तर्काचा होतो.

बारावीनंतरचे पर्याय

संशोधनाची ओढ असणाऱ्यांसाठी पुण्यात 2006मध्ये स्थापन झालेली ‘आयसर’ ही संस्था आहे. तेथील पाच वर्षांच्या बीएस-एमएस अभ्यासक्रमासाठी स्वतंत्र अभिक्षमता चाचणी द्यावी लागते. तिच्या शेजारीच 1950मध्ये उद्घाटन झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. उद्योगाकडे कल असल्यास मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा विचार करावा. 1933 साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेल्या आणि ‘यूडीसीटी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या संस्थेला 2008मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. डॉ. रघुनाथ माशेलकर याच संस्थेचे विद्यार्थी. रासायनिक अभियांत्रिकीबरोबरच रंगद्रव्ये, तैलपदार्थ, पॉलिमर, औषधनिर्माण, अन्न अशा शाखांचे शिक्षण येथे मिळते.

महाविद्यालयातून बी.एस्सी. करण्याचा मार्गही खुला आहे. मात्र केवळ पदवीवर मिळणाऱ्या नोकऱ्या बहुधा गुणवत्ता-तपासणी व उत्पादन विभागातील प्रारंभीच्या असतात, हे पालकांनी आधीच लक्षात घ्यावे. संशोधनासाठी एम.एस्सी. आणि पुढे ‘नेट’सारख्या परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती आवश्यक ठरते. वाट लांबची आहे. परंतु औषधे, बॅटऱ्या, जलशुद्धीकरण, न्यायवैद्यक तपासणी, खते अशी तिची क्षेत्रेही विस्तृत आहेत. तारापूर, पाताळगंगा, महाड, कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींना कुशल रसायनतज्ज्ञ हवे असतात आणि तेथील सांडपाण्याचा प्रश्न सोडविण्यासाठीही रसायनशास्त्रच लागते.

कमला सोहोनींचा धडा

मुली आणि संशोधन यांविषयी शंका घेणाऱ्यांनी डॉ. कमला सोहोनी यांचे चरित्र वाचावे. ज्येष्ठ लेखिका दुर्गा भागवत यांच्या या भगिनी. 1933मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवूनही बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारण्यात आला. संस्थेचे प्रमुख होते सर सी. व्ही. रामन. कमलाबाईंनी माघार घेतली नाही. अखेर वर्षभराच्या परिवीक्षेच्या अटीवर त्यांना घेण्यात आले आणि त्यांनी आपल्या कामाने ती शंका खोटी ठरवली. पुढे केंब्रिज येथे वनस्पतींतील सायटोक्रोम सी या विकरावर काम करून त्यांनी 1939मध्ये पीएच.डी. मिळवली. मायदेशी परतल्यावर त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपदही भूषविले.

शाखा निवडताना गुणपत्रिकेइतकेच महत्त्व या विषयातील आवडीला द्यायला हवे. वर्गात एक प्रयोग स्वतःच्या हाताने करू देणे, हे शाळेला सहज शक्य असलेले पहिले पाऊल आहे.