साक्षीदार श्रोता : रॉक संगीताची मैफल आणि तिच्या प्रती

प्रयोगकलेचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाची अडचण जुनीच आहे. प्रयोग होऊन जातो आणि हाती उरते ती केवळ त्याची नोंद. रॉक संगीताच्या बाबतीत ही अडचण अधिक बिकट होते, कारण या संगीताला प्रारंभापासूनच दोन संहिता आहेत : एक मैफलीत घडणारी आणि दुसरी तबकडीवर कोरलेली. या दोहोंपैकी मूळ कोणती आणि प्रत कोणती, याचा निर्णय सोपा नाही. रॉकच्या इतिहासकारांनी कलावंतांची चरित्रे विपुल लिहिली, अल्बमांची क्रमवारी तर दर वर्षी नव्याने लावली जाते. पण दोन्ही संहिता ज्याच्या कानावरून गेल्या त्या श्रोत्याची साक्ष मात्र बहुधा आठवणींच्या सदरात ढकलली गेली. प्रस्तुत लेखात त्या साक्षीचा विचार करावयाचा आहे, आणि तोही मुख्यतः उत्तर इंग्लंडमधील काही सभागृहांच्या आधारे.

दोन संहितांमधील अंतर किती वाढू शकते याचे ठळक उदाहरण बीटल्सचे आहे. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये त्यांना ऐकायला पंचावन्न हजारांहून अधिक लोक जमले. ‘ऐकायला’ हा शब्द येथे केवळ रूढी म्हणून वापरायचा, कारण किंकाळ्यांच्या त्या कल्लोळात वादकांना स्वतःचे वादनही ऐकू येत नव्हते. पुढच्या वर्षी ५ ऑगस्टला ‘रिव्हॉल्व्हर’ हा त्यांचा अल्बम निघाला आणि त्याच महिन्यातील अमेरिकेच्या दौऱ्यात त्यातील एकही गाणे त्यांनी गायले नाही. २९ ऑगस्ट १९६६ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये त्यांची शेवटची तिकीट लावलेली मैफल झाली. त्यानंतरचे बीटल्स हे तबकडीचे कलावंत. ‘सार्जंट पेपर’ (१९६७) ऐकणाऱ्याला मैफलीची आठवण काढण्याचे कारणच उरले नाही.

परंतु सर्वांनाच अशी सुटका करून घेता आली नाही, किंवा ती त्यांना नको होती. मँचेस्टरचे फ्री ट्रेड हॉल हे सभागृह १८५०च्या दशकात सेंट पीटर्स फील्ड या मैदानाच्या जागी बांधले गेले. त्याच मैदानावर १८१९मध्ये संसदीय सुधारणांची मागणी करणाऱ्या निःशस्त्र जमावावर घोडदळ घालण्यात आले होते. धान्यावरील जकातीविरुद्धच्या लढ्याचे नाव मिरवणाऱ्या या वास्तूत राजकीय सभा होत, आणि १९९६पर्यंत हॅले हा प्रसिद्ध वाद्यवृंद तेथेच वाजवीत असे. सारांश, भाषण आणि अभिजात संगीत या दोन्हींचे शब्द-स्वर स्पष्ट ऐकण्याची सवय असलेले ते घर होते. १७ मे १९६६च्या रात्री तेथे बॉब डिलन गायले. पूर्वार्धात ते एकटे होते, हाती साधी गिटार आणि गळ्याशी माउथ ऑर्गन, सभागृह निःशब्द. उत्तरार्धात विजेवरच्या गिटारी आणि ड्रम घेऊन बँड आला आणि श्रोत्यांत कुजबूज सुरू झाली. संथ लयीतल्या उपहासाच्या टाळ्या पडू लागल्या, काही जण उठून गेले. शेवटच्या गाण्यापूर्वीच्या शांततेत कोणीतरी एकच शब्द ओरडले : ‘ज्यूडास!’ ख्रिस्ताला दगा देणाऱ्या शिष्याचे ते नाव. आपला त्यावर विश्वास नाही, बोलणारा खोटारडा आहे, असे उत्तर देत डिलननी साथीदारांना आवाज वाढवून वाजवायला सांगितले.

या प्रसंगाचे वर्णन सहसा ‘जुन्या अभिरुचीचा नव्या कलेला विरोध’ असे केले जाते. मला ते अपुरे वाटते. डिलनचे वीजवाद्यांकडे वळणे ही त्या रात्रीची बातमी नव्हतीच. ‘ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम’ हा अल्बम मार्च १९६५मध्ये निघाला होता आणि त्याची अख्खी एक बाजू बँडसह होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘हायवे ६१ रीव्हिजिटेड’ आला. ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ हे गाणे इंग्लंडमध्ये चांगले खपले होते. म्हणजे मँचेस्टरच्या श्रोत्यांतील कित्येकांच्या घरी ज्या तबकड्या फिरत होत्या त्यांतलीच गाणी ऐकून त्यांनी निषेध केला. घरातल्या तबकडीवर जे चालले ते सभागृहात का चालू नये? तबकडी ही एकट्याची खरेदी असते, नको असलेली बाजू उलटून टाकता येते. मैफलीत मात्र माणूस एका समूहाचा घटक म्हणून बसतो. इंग्लंडच्या लोकगीत मंडळांतून वाढलेल्या, बव्हंशी डाव्या विचारांच्या त्या समूहाने गाण्याला सामाईक मालमत्ता मानले होते. शिवाय दुसरे एक साधे कारण होते. त्या सभागृहात वाढवलेल्या आवाजाच्या गोंगाटात शब्द कळत नव्हते, असे हजर असलेल्या अनेकांनी पुढे सांगितले. शब्दांसाठी आलेल्या माणसाला शब्दच ऐकू आले नाहीत, तर तो चिडणार. आज ध्वनिमुद्रणात आपल्याला ते शब्द ऐकू येतात, कारण फितीचे कान खुर्चीत बसलेले नव्हते. मग आपण त्या श्रोत्याला बहिरा ठरवतो. हा न्याय नव्हे.

येथे एक कबुली देणे भाग आहे. १९८०च्या सुमारास मुंबईतील एका वसतिगृहात या मैफलीची कॅसेट माझ्या हाती आली. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी एक प्रत, असा तिचा प्रवास झालेला. गाण्याआधी फितीची सूं सूं ऐकू यायची. वेष्टनावर कोणीतरी निळ्या शाईने ‘रॉयल अल्बर्ट हॉल, १९६६’ असे लिहिले होते. त्या नावावर विसंबून मी पुढे कित्येक वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो की, लंडनच्या प्रतिष्ठित अभिरुचीने रॉकला नाकारले तो हा क्षण. एवढेच नव्हे, तर राजधानीचे अभिजन आणि नवी कला यांच्या संघर्षाचा एक सिद्धान्तही मी त्यावर उभारला होता. आरोळी मारणारा लंडनच्या मखमली खुर्चीत नव्हे, तर कापडगिरण्यांच्या मँचेस्टरमध्ये बसला होता, हे कळल्यावर त्या सिद्धान्ताचे काय उरले हे सांगायला नको. चूक माझ्या एकट्याची नव्हती. चोरट्या तबकड्यांवर हेच नाव छापलेले असे आणि ते इतके रुळले की १९९८मध्ये कंपनीने हे ध्वनिमुद्रण अधिकृतपणे प्रसिद्ध केले तेव्हाही अल्बमच्या नावात ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ हे शब्द अवतरणचिन्हांत ठेवावे लागले. खऱ्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये डिलन गायले ते २६ आणि २७ मे रोजी. त्यांपैकी पहिल्या रात्रीचे ध्वनिमुद्रण २०१६मध्ये निघाले. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली हे आपण अभिमानाने शिकवतो. पण पाठचिकित्सेची तीच शिस्त वसतिगृहातल्या कॅसेटला लावावी, हे मला सुचले नाही.

मग साक्षीदारावर विसंबावे का? त्याचीही परीक्षा याच वास्तूत झाली. ४ जून १९७६ रोजी फ्री ट्रेड हॉलच्या वरच्या मजल्यावरील लहान सभागृहात सेक्स पिस्टल्स हा लंडनचा पंक बँड वाजवून गेला. श्रोते होते सुमारे चाळीस. त्या चाळिसांतील काहींनी पुढे आपले बँड काढले. जॉय डिव्हिजनचे बर्नार्ड सम्नर आणि पीटर हुक हे त्यांतले. पण कालांतराने ‘आपण तेथे होतो’ असे सांगणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की एखाद्या पत्रकाराला खऱ्याखोट्या साक्षीदारांची छाननी करणारे पुस्तकच लिहावे लागले. ‘ज्यूडास’ म्हणणारे आपणच, असे सांगणारेही एकाहून अधिक निघाले आहेत. स्मृती खोटे बोलते असे मी म्हणणार नाही; ज्या क्षणाला नंतर महत्त्व येते त्या क्षणी आपण हजर असायला हवे होते, ही इच्छाच हळूहळू आठवणीचे रूप घेते.

वेष्टन फसवे, साक्षीदार डळमळीत; म्हणून रॉकच्या श्रोत्याने तिसरी वाट काढली. तो स्वतःच लेखनिक झाला. १९६९च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये ‘ग्रेट व्हाइट वंडर’ या नावाने ओळखली गेलेली डिलनच्या अप्रकाशित गाण्यांची जोड-तबकडी कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात विकली जाऊ लागली आणि चोरट्या तबकड्यांचे युग सुरू झाले. त्यात धंदा होताच. कॅलिफोर्नियाच्या ग्रेटफुल डेड या बँडच्या श्रोत्यांनी मात्र धंदा बाजूला ठेवला. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत या बँडने दोन हजारांहून अधिक मैफली केल्या आणि गाण्यांचा क्रम, विस्तार रोज बदलता ठेवला. त्यामुळे अल्बम हे त्यांचे प्रमाण रूप कधीच ठरले नाही. श्रोते फिती भरत आणि पैसे न घेता आपसांत बदलत. १९८४मध्ये बँडने अशांसाठी सभागृहात वेगळी जागाच राखून ठेवली. कॉर्नेल विद्यापीठातील ८ मे १९७७ची त्यांची मैफल अशा फितींमुळेच ख्यातीस चढली. ती फीत बँडच्या ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांची होती. थकलेल्या भाड्यापायी गोदामातला त्यांचा संग्रह १९८६मध्ये लिलावात गेला आणि तेथून ती श्रोत्यांच्या हाती फिरू लागली. अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने तिला राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीत २०११च्या यादीत स्थान दिले, अधिकृत अल्बम निघाला तो २०१७मध्ये. म्हणजे अल्बम होण्याआधीच ती अभिजात ठरली होती. आपल्याकडच्या खासगी मैफलींत पिशवीत टेपरेकॉर्डर लपवून बसलेल्या रसिकांचे ऋण ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटू नये.

भारतीय संगीताचा या इतिहासाशी आलेला एक प्रत्यक्ष संबंधही नोंदवायला हवा. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशातील निर्वासितांसाठी झालेल्या मैफलीत रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा वाद्ये जुळवून थांबले, तोच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणी इतकी आवडली तर वादन अधिक आवडेल अशी आशा आहे, असे रविशंकर हसून म्हणाले. तीन तबकड्यांच्या त्या अल्बममधून ही टाळी कापली गेली नाही. अडाण्यांची टाळी म्हणून तिची थट्टा होते. मला ती अनोळखी स्वरांपुढे सौजन्याने वागू पाहणाऱ्या समूहाची नोंद वाटते.

चोरट्या तबकडीला कंपन्यांनी दिलेले सर्वांत चतुर उत्तर म्हणजे द हू या बँडचे ‘लाइव्ह ॲट लीड्स’. १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात ते वाजवले गेले. त्याआधीच्या अमेरिकी दौऱ्यातील फितींचा ढीग ऐकण्याचा कंटाळा येऊन आपण त्या जाळून टाकायला सांगितल्या, असे पीट टाउनशेंड यांनी पुढे सांगितले आहे. अल्बम आला तो चोरट्या मालासारख्या खाकी पुठ्ठ्यात, शिक्का मारलेल्या अक्षरांत, आत जुन्या करारपत्रांच्या प्रतिकृती घालून. आणि तबकडीवर सूचना अशी की, खरखर ऐकू आली तर ती दोष समजू नये. मूळ अल्बममध्ये सहाच गाणी होती. १९९५मध्ये ती चौदा झाली आणि २००१मध्ये जवळजवळ सगळी मैफल उपलब्ध झाली. एकाच रात्रीच्या या तीन प्रती. ज्याने पहिली प्रत झिजेपर्यंत ऐकली तो आजही तिलाच खरी मानतो, आणि त्याच्याशी वाद घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी, १५ फेब्रुवारीला, हल शहरात झालेली मैफल अधिक रंगली असे बँडमधील काहींचे मत होते. पण पहिल्या काही गाण्यांत जॉन एंटविसल यांची बास गिटार फितीवर उतरलीच नाही, म्हणून ती बाजूला पडली. २०१०मध्ये ही मैफल प्रसिद्ध करताना त्या रिकाम्या जागी आदल्या रात्रीची लीड्सची बास जोडण्यात आली. जोड इतकी सफाईदार आहे की सांगितल्याशिवाय कळत नाही. हलच्या सभागृहात त्या संध्याकाळी खुर्चीवर बसलेल्या श्रोत्याने मात्र दुसरीच बास ऐकली होती. ती कोणत्याही प्रतीत नाही.