जखमी शिपायाचा हक्क

बंगळूर शहराच्या पश्चिमेस राजाजीनगर नावाची विस्तीर्ण वसाहत आहे. गव्हर्नर-जनरलच्या पदावर बसलेले एकमेव भारतीय चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव तिला दिलेले असून, कारखाने आणि त्यांत राबणारी माणसे यांच्यामुळे ती नावारूपाला आली. कामगार राज्य विमा योजनेचे मोठे रुग्णालय याच वसाहतीत आहे. यंत्रात बोटे गेलेल्या कामगाराला या योजनेकडून भरपाई हवी असली, म्हणजे दोन प्रश्नांचा निकाल लागावा लागतो. इजा कामामुळे झाली की अन्य कारणाने, आणि तिच्यामुळे कमावण्याची शक्ती किती उणावली? पहिल्याचे उत्तर कामगाराच्या बाजूचे आले, की दुसऱ्याचे उत्तर वैद्यकीय मंडळ शेकड्याच्या हिशेबात देते.

कारखान्यातील माणसाला हे प्रश्न विसाव्या शतकात विचारले जाऊ लागले. शिपायाला मात्र ते त्याच्या पुष्कळ आधीपासून विचारले जात आले आहेत, आणि त्यांची उत्तरे कोणी द्यायची यावरून त्याची आणि सरकारची आजही ओढाताण चालू आहे.

हेच बंगळूर १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे होते आणि बाल शिवाजीचे काही दिवस येथे गेले होते. पुढे १६५९ साली प्रतापगडाखाली अफझलखानाचा पाडाव झाला. त्या प्रसंगाची हकीकत कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस, दक्षिणेत जिंजीच्या मुक्कामी लिहिली. वधाचा प्रसंग सर्वांच्या तोंडी आहे. त्यानंतरच्या चार ओळींकडे फारसे कोणी पाहत नाही. लढाईत जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेऊन चालविले; ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले; आणि जखमींना जखम पाहून दर असामीस पंचवीस, पन्नास, शंभर ते दोनशे होन दिले, असे सभासद नमूद करतो. यातला महत्त्वाचा शब्द होन नव्हे, ‘जखम पाहून’ हा आहे. घाव मोजायचा आणि त्या मापाने द्यायचे, ही रीत येथे स्पष्ट दिसते. मात्र सरदारांना मिळालेल्या हत्ती-घोड्यांची आणि कड्यांची यादी बखरकार त्याच दमात देतो. जखमीला मिळाले ते बक्षीस की देणे, हा भेद त्याच्या मनात नसावा. तो भेद पडायला पुढची तीनशे वर्षे लागली.

पेशवाईत मृतांच्या कुटुंबीयांच्या तरतुदीला ‘बालपरवेशी’ असे नाव होते. लढाईत कामास आलेल्या माणसाच्या पोरक्या मुलांच्या पालनासाठी नेमणूक करून देणे, असा तिचा अर्थ. नाव मोठे बोलके आहे; परवरीश, म्हणजे पालनपोषण, हेच त्याच्या मुळाशी आहे. परंतु ती नेमणूक धन्याच्या मर्जीवर उभी असे, आणि मर्जीबरोबर धनीही बदलत असे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अंमलात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले, तेव्हा मुंबई इलाख्यातील घराण्यांना पिढीजात वतनांचे आणि इनामांचे कागद पुराव्यासाठी पुढे करावे लागले. कागद आहे त्याचे उत्पन्न, नाही त्याचे गेले. लष्करी निवृत्तिवेतनाच्या इतिहासात कागदाला आलेले महत्त्व तेव्हापासून काही कमी झालेले नाही.

कंपनीची स्वतःची रीत काय होती? १७७० मध्ये क्लाइव्हच्या नावाचा निधी उभा राहिला. मीर जाफरने ठेवलेल्या रकमेतून तो निघाला, पण त्याचा लाभ कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना, गोऱ्या शिपायांना आणि त्यांच्या विधवांना होता. बंगाली नवाबाचा पैसा आणि विलायतेतल्या विधवा! देशी शिपायांपैकी निकामी झालेल्यांना बिहारात भागलपूरकडे जमिनी तोडून देऊन वसविण्याचा प्रयोग झाला.

पहिल्या महायुद्धाने या प्रश्नाचे स्वरूप पालटले. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. कुतच्या वेढ्यात अडकलेल्या फौजेत त्याही होत्या आणि १९१६ च्या एप्रिलात ती फौज शरण गेली. मुंबई बंदरात हातपाय गमावलेल्या जवानांना घेऊन जहाजे येऊ लागली. त्यांना शेतीकामाला पुन्हा जुंपणे शक्य नव्हते आणि नुसत्या पेन्शनीवर घर चालणे कठीण होते. तेव्हा गव्हर्नरची पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ साली मुंबईत अपंग सैनिकांना हातचा धंदा शिकविण्यासाठी क्वीन मेरीच्या नावाची शाळा निघाली. ती पुढे पुण्याजवळ खडकीला आली आणि आजही चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पुण्यातच कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. मणक्याला इजा होऊन कमरेखालचे अंग लुळे पडलेल्यांसाठी १९७४ साली खडकीलाच पुनर्वसन केंद्र उघडले. तेथे हात न चालणारे जवान तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. एका पुण्याच्या परिसरात या तिन्ही संस्था असाव्यात, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट असून ती क्वचितच सांगितली जाते.

सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हे लष्कराच्या यांत्रिकी दलातले जवान. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि पायांतले बळ गेले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे झालेल्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. ‘पद्मश्री’ मात्र त्यांना २०१८ मध्ये, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी मिळाली.

आता नियमांकडे वळू. १९६१ च्या लष्करी निवृत्तिवेतन-नियमांनी अपंगत्वाची किमान मर्यादा वीस टक्के ठरविली आणि ते सेवेमुळे उद्भवलेले वा सेवेमुळे बळावलेले असावे अशी अट घातली. १९७१ च्या युद्धानंतर लढाईत जायबंदी झालेल्यांसाठी अधिक दराचे निराळे वेतन आले. साध्या अपंगत्वाचा दर सहाव्या वेतन आयोगापासून शंभर टक्के अपंगत्वाला अखेरच्या पगाराच्या तीस टक्के असा आहे. चाळीस हजारांचा पगार असलेल्या जवानाचे अपंगत्व वीस टक्के ठरले, तर सरळ हिशेबाने त्याला महिना २,४०० रुपये मिळतील. परंतु १९९६ पासून अपात्र ठरवून घरी पाठविलेल्यांसाठी वीस ते एकोणपन्नास टक्क्यांना पन्नासच धरण्याची सवलत आली. म्हणजे २,४०० चे ६,००० झाले. मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांना ही सवलत नाकारली जात होती. २०१४ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती त्यांनाही लागू केली.

त्याहून मोठा निकाल २०१३ चा. भरतीच्या वेळी ज्याच्या कागदावर कोणताही आजार नोंदलेला नाही, त्याला पुढे झालेला आजार सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे आणि तसे नसेल तर ते सरकारने दाखवावे, असे न्यायालयाने एका शिपायाच्या दाव्यात ठरविले. पुराव्याचे ओझे शिपायाच्या खांद्यावरून उतरले. निवृत्तिवेतन ही कृपा नव्हे, असे त्याच न्यायालयाने १९८२ साली नाकारा खटल्यात म्हटले होतेच. तरीही नियम फिरत राहिले. २०२३ च्या नव्या नियमांत, अपंग होऊनही सेवेत राहून निवृत्त होणाऱ्याच्या रकमेला ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असे नाव मिळाले, आणि पेन्शन हा शब्द तिच्यापुरता मागे पडला.

कुटुंबाचा हिशेब तीन पायऱ्यांचा आहे. साधे कुटुंबवेतन अखेरच्या पगाराच्या तीस टक्के. मृत्यू सेवेमुळे असल्यास साठ. लढाईत असल्यास पूर्ण पगार. सभासदाने सांगितलेले निम्मे वेतन यांतल्या दुसऱ्या पायरीच्या जवळ येते. शौर्यपदकाच्या भत्त्याबाबत एक चमत्कारिक अट २०१७ पर्यंत टिकून होती: विधवेने दुसरे लग्न केले तर भत्ता बंद, दिराशी केले तर चालू! भत्ता तिचा की घराण्याचा, हे त्या अटीने न बोलता सांगून टाकले होते.

या सगळ्या व्यवस्थेच्या बाहेर राहिलेला एक वर्ग पुण्याजवळच्या खडकवासल्यात सापडतो. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५५ पासून तेथे आहे. तेथे किंवा अन्य प्रबोधिनीत शिकत असताना घोड्यावरून पडून वा मुष्टियुद्धात इजा होऊन जन्माचा अपंग झालेला छात्र हा अजून अधिकारी झालेला नसतो, म्हणून तो माजी सैनिकही ठरत नाही. त्याला मिळते ते मासिक सानुग्रह अनुदान, म्हणजे शब्दशः कृपेचे धन. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या छात्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, आणि त्याच महिन्यात माजी सैनिकांच्या वैद्यकीय योजनेचे दार सरकारने त्यांना उघडले. माजी सैनिक हे नाव मात्र त्यांना त्या निर्णयाने मिळाले नाही.