अठरा वर्षांचा एक कागद

गटाच्या बैठकीत कागदाचा विषय निघाला नाही, असा महिना जात नाही. कुणाचं रेशनकार्डावर नाव नाही, कुणाचा जातीचा दाखला अडलाय, कुणाला सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायचंय. म्हणून आज आम्ही एका अशा माणसाची गोष्ट सांगणार आहोत, ज्याला एका कागदासाठी अठरा वर्षं झगडावं लागलं. त्याचं नाव भगतसिंग थिंद. फासावर गेलेले हुतात्मा भगतसिंग वेगळे बरं का. हे थिंद त्यांच्याही आधीचे, आणि त्यांचा झगडा झाला तो अमेरिकेत.

थिंद यांचा जन्म १८९२ सालचा, पंजाबात अमृतसर जिल्ह्यातल्या एका खेड्यात. कॉलेज शिकून १९१३ साली ते बोटीनं अमेरिकेला गेले. त्या काळी पंजाबातले बरेच शेतकऱ्यांचे मुलगे तिकडे जात. कुणी रेल्वेच्या कामावर, कुणी शेतावर, कुणी लाकडाच्या गिरणीत. थिंद यांनीही ऑरेगन राज्यात लाकूड कापण्याच्या गिरणीत मजुरी केली.

तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. १९१८ च्या जुलैमध्ये थिंद अमेरिकी सैन्यात दाखल झाले. शीख असल्यामुळे डोक्यावर पगडी होती, ती त्यांनी उतरवली नाही. पगडी आणि वर्दी दोन्ही घालून ते छावणीत राहिले. नोव्हेंबरात त्यांना हंगामी सार्जंट केलं गेलं, आणि त्यानंतर तीन दिवसांतच युद्ध संपलं. डिसेंबरात ते सैन्यातून सन्मानानं बाहेर पडले. वर्तणूक 'उत्कृष्ट' असा शेरा त्यांच्या कागदावर होता.

सैन्यात असतानाच, ९ डिसेंबर १९१८ रोजी, त्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. चार दिवसांनी ते काढून घेतलं. कारण काय? तर ते गोरे नव्हते.

अमेरिकेत १७९० पासून कायदा होता, की बाहेरून आलेला माणूस 'गोरा' असेल तरच त्याला नागरिक होता येईल. १८७० साली त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातले लोक मात्र बाहेरच राहिले. थिंद यांनी दुसऱ्या राज्यात पुन्हा अर्ज केला. १९२० साली तिथल्या न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. सरकारनं वर दाद मागितली आणि खटला सर्वोच्च न्यायालयात गेला.

आता सख्यांनो, इथं नीट ऐका. न्यायालयात थिंद यांच्या बाजूनं काय सांगितलं गेलं? 'मी देशासाठी वर्दी घातली' हा मुख्य मुद्दा नव्हता. मुद्दा होता रक्ताचा. मी उच्च जातीचा आहे, आर्य आहे, माझ्या जातीत बाहेरचं रक्त मिसळलेलं नाही, म्हणून मीही गोऱ्यांतच मोजला जावा, असा तो दावा होता. कायदाच तसा होता, वकिलांपुढे दुसरी वाट नव्हती, हे खरं. पण ज्या फुटपट्टीनं आपल्याकडे कित्येकांना गावाबाहेर ठेवलं, तीच फुटपट्टी तिकडे आत शिरायला वापरली गेली, हेही खरंच आहे. सावित्रीबाईंच्या आणि बाबासाहेबांच्या मुलुखातल्या आपल्या बायकांना हे टोचल्याशिवाय राहणार नाही.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल लागला. सगळ्या न्यायाधीशांचं एकमत. पुस्तकातले विद्वान काही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, आणि हा माणूस त्यात बसत नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड स्वतःही बाहेरून आलेलेच, इंग्लंडमध्ये जन्मलेले.

या एका निकालानं कितीतरी घरं हलली. आधी नागरिक झालेल्या पन्नासहून अधिक भारतीयांचं नागरिकत्व सरकारनं मागं घेतलं. कॅलिफोर्नियात नागरिक होऊ न शकणाऱ्याला शेतजमीन घेता येत नसे, तो कायदा आता भारतीयांनाही लागू झाला. अशा माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकी बाईचं स्वतःचं नागरिकत्वही जात असे. नवऱ्याचा कागद गेला की बायकोचाही गेला!

पेशावरचे वैष्णोदास बगाई सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवत. पत्नी कला आणि तीन मुलं सोबत. त्यांचंही नागरिकत्व गेलं, घर-दुकान विकावं लागलं, मायदेशी जाऊन यायला पासपोर्टही मिळेना. १९२८ साली त्यांनी जीव दिला. परक्या मुलखात कलाबाई एकट्या पडल्या, पण खचल्या नाहीत. तिन्ही मुलांना त्यांनी कॉलेजात शिकवलं, पुढं स्वतः नागरिक झाल्या आणि १९८३ पर्यंत जगल्या. बर्कली गावात एकेकाळी शेजाऱ्यांनी त्यांच्या कुटुंबाला घरात राहायला येऊ दिलं नव्हतं. त्याच गावातल्या एका रस्त्याला अलीकडे कलाबाईंचं नाव दिलं आहे.

थिंद यांच्या वकिलांपैकी एक होते सखाराम गणेश पंडित. सरकार त्यांच्याही मागे लागलं. पंडितांनी स्वतःचा खटला वेगळ्या मुद्द्यावर लढवला. तुम्हीच मला नागरिक केलंत, त्या भरवशावर मी इथं वकिली केली, घर केलं, संसार केला. आता कागद काढून घेतलात तर माझं आणि माझ्या बायकोचं सगळंच जाईल. १९२६ साली ते जिंकले आणि नंतर सरकारनं अशा बाकीच्या खटल्यांचा नादही सोडला.

थिंद यांनी देश सोडला नाही. गावोगाव फिरून त्यांनी अध्यात्मावर व्याख्यानं दिली, पुस्तकं लिहिली, भारताच्या स्वातंत्र्याची बाजू मांडली. १९३५ साली अमेरिकेत नवा कायदा आला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेसाठी सैन्यात असलेल्या आशियाई माणसांना नागरिक होता येईल, असा. १९३६ साली न्यूयॉर्क राज्यात थिंद तिसऱ्यांदा नागरिक झाले, आणि या वेळी कुणी कागद परत घेतला नाही. १९४० साली त्यांनी व्हिव्हियन यांच्याशी लग्न केलं, मुलं वाढवली. बाकीच्या भारतीयांसाठी दार उघडलं ते १९४६ साली, तेही वर्षाला शंभर जणांपुरतं. वंशाच्या आणि देशाच्या हिशेबानं माणसं मोजणारी ही पद्धत १९६५ साली मोडली. ते बघूनच, १९६७ च्या सप्टेंबरमध्ये, थिंद यांनी डोळे मिटले. पंच्याहत्तरी गाठायला थोडेच दिवस उरले होते.

आम्हाला या आयुष्यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. रक्ताचा दावा सांगून थिंद हरले, आणि सैन्यातल्या कामाच्या नोंदीवर जिंकले. पंडितही जिंकले ते केलेल्या कामावर आणि उभ्या केलेल्या संसारावर. आपणही हक्क मागायला जातो तेव्हा कधी कधी तोंडून निघतं, 'आम्ही काही त्यांच्यासारखे नाही हो, आम्ही चांगल्या घरातल्या.' त्या शब्दानं आपण आत गेलो, तरी शेजारची बाहेरच राहते. त्यापेक्षा 'मी या शेतात इतकी वर्षं राबले, ही माझी नोंद' असं म्हणणं बरं. म्हणून सख्यांनो, गटाचं इतिवृत्त नीट लिहा, मजुरीची हजेरी जपून ठेवा, पावत्या फेकू नका. आणि एकीचा कागद अडला, तर तिच्यासोबत चौघी जणी कचेरीत जा.